फादर थॉमस स्टीफन्स : दुसऱ्या साष्टीतील गुरू आणि विद्यार्थी

भाईंदर पश्चिमेकडील आमचा परिसर म्हणजे साष्टी बेटाचा उत्तरेकडील शेवट. मिठागरे संपली की वसईची खाडी लागते आणि खाडीपलीकडे वसई. येशूसंघीय धर्मगुरूंची जुनी पत्रे किंवा पोर्तुगीज काळातील कागदपत्रे वाचू लागले की ह्या साष्टीचे नाव वारंवार भेटते आणि तेथेच वाचकाची फसगत होते. कारण साष्टी दोन आहेत. एक आपली, ठाण्याकडची. दुसरी गोव्यातील, मडगाव व राशोलच्या आसपासची. दोन्ही नावांचे मूळ सहासष्ट गावांच्या समूहात आहे असे परंपरा सांगते. पोर्तुगीज लेखक दोहोंनाही एकाच नावाने संबोधीत. ज्यांचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत ते फादर थॉमस स्टीफन्स दुसऱ्या साष्टीतले. आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी तेथे घालविली, आणि सुमारे एक वर्ष आपल्या खाडीपलीकडील वसईत.

त्यांचे नाव मराठी शाळेत शिकलेल्या बहुतेकांना ठाऊक असते. ख्रिस्तपुराणाचे कर्ते आणि मराठीचा गौरव करणारे परदेशी कवी म्हणून पाठ्यपुस्तकातून त्यांची ओळख होते व तेथेच ती थांबते. ते आधी धर्मगुरू होते, त्याआधी धर्मगुरुपदाचे विद्यार्थी होते, आणि त्यांच्या कवितेचे मूळ ह्या विद्यार्थीदशेत आहे, इकडे फारसे लक्ष जात नाही. दरवर्षी पाचारण रविवारी आपल्या धर्मग्रामांत सेमिनरीतील शिक्षणाविषयी बोलले जाते. आमच्या ओळखीची मुले गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजात किंवा पुण्याच्या पेपल सेमिनरीत जातात, तेव्हा घरची माणसे हमखास विचारतात की एवढी वर्षे ही मुले शिकतात तरी काय? तत्त्वज्ञान कशासाठी? बायबल तर घरीही वाचता येते, मग त्याचा अभ्यास करण्यासाठी कॉलेज कशाला? प्रश्न रास्त आहे. फादर स्टीफन्स ह्यांच्या आयुष्यात त्याचे एक उत्तर सापडते आणि ते सेमिनरीच्या चार भिंतींत मावणारे नाही.

थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन ह्या खेड्यात झाला. विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेत त्यांचे शिक्षण झाले असे मानले जाते. त्यांचे तारुण्य आले ते कॅथलिकांच्या पडत्या काळात. राणी एलिझाबेथ पहिली हिच्या राज्यात १५५९ च्या कायद्यानंतर लॅटिन मिस्सा बेकायदा ठरली होती. आज आपण रविवारी घंटा वाजली की निर्धास्तपणे चर्चमध्ये जातो. त्यांच्या देशात मिस्सेसाठी घर शोधावे लागे, दार लावून घ्यावे लागे आणि शेजाऱ्यावर विश्वास टाकावा की नाही हे ठरवावे लागे. धर्मगुरू होण्याची इच्छा बाळगणाऱ्या तरुणाला तर देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते, कारण इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरू घडविणारी एकही संस्था उरली नव्हती.

ह्या काळात त्यांना टॉमस पाऊंड हा श्रीमंत घराण्यातील मित्र लाभला. पाऊंड गुप्तपणे कॅथलिकांचे धैर्य वाढवीत फिरत असे आणि स्टीफन्स त्याचा नोकर म्हणून बरोबर असत. दोघांनी रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरविले. निघण्यापूर्वीच पाऊंड पकडला गेला. पुढील सुमारे तीस वर्षे त्याने एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजी सांत आंद्रेया येथील नवशिष्यालयात दाखल झाले. मित्राला ते विसरले नाहीत. १५७८ मध्ये त्यांनी येशूसंघाच्या वरिष्ठांकडे पाऊंडसाठी रदबदली केली आणि तो तुरुंगात असतानाच त्याला संघात स्वीकारण्यात आले. ह्या चरित्रातील ही बाजू आम्हाला फार मोलाची वाटते. एक मित्र चाळीस वर्षे भारतात मिस्सा अर्पण करीत राहिला, दुसऱ्याने आपले व्रत कोठडीत पाळले. दोघांची सुरुवात एकाच बेतातून झालेली.

रोमन कॉलेजमध्ये स्टीफन्स तत्त्वज्ञान शिकले. त्रेंतच्या विश्वपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी प्रत्येक धर्मप्रांतात सेमिनरी असावी असा ठराव केला होता. त्यापूर्वी अनेक ठिकाणी एखादा मुलगा वृद्ध धर्मगुरूच्या हाताखाली राहून जुजबी लॅटिन शिके व तेवढ्यावर त्याला गुरुदीक्षा मिळे. लोकांना मग जसा धर्मगुरू मिळेल तसा चालवून घ्यावा लागे. नव्या व्यवस्थेत आधी भाषा व तर्क, मग तत्त्वज्ञान, त्यानंतर ईशज्ञान व पवित्र शास्त्र अशी पायरी ठरत गेली. आजचा अभ्यासक्रम कितीही बदलला असला तरी त्याचा पाया ह्याच काळात घातला गेला. स्टीफन्स ह्या पायऱ्या चढत असतानाच त्यांनी पूर्वेकडे जाण्याची परवानगी मागितली. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पत्रांनी त्या पिढीतील कितीतरी तरुणांना हिंदुस्थानाची ओढ लावली होती.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच गलबतांचा तांडा निघाला. २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचेपर्यंत साडेसहा महिने उलटले. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात ह्या प्रवासाचे तपशीलवार वर्णन आहे. वारा, समुद्रपक्षी, हिरड्या सुजविणारा खलाशांचा रोग, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची भीती असे सारे त्यात येते. हे पत्र इंग्लंडमध्ये पोहोचले आणि पुढे १५९९ साली रिचर्ड हॅक्लूट ह्यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले. इंग्रज व्यापाऱ्यांनी ते मोठ्या उत्सुकतेने वाचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला पहिला ज्ञात इंग्रज म्हणजे हे मिशनरी. व्यापारी त्यांच्या मागाहून आले.

गोव्यात त्यांचे ईशज्ञानाचे शिक्षण सेंट पॉल कॉलेजात झाले. ही संस्था १५४१ मध्ये, संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात येण्यापूर्वीच, स्थानिक तरुणांना धर्मकार्यासाठी तयार करण्याच्या हेतूने सुरू झाली होती व पुढे येशूसंघाकडे आली. निरनिराळ्या देशांचे आणि भाषांचे विद्यार्थी तेथे एकत्र शिकत. भारतातील पहिले मुद्रणयंत्र १५५६ मध्ये ह्याच कॉलेजात येऊन पोहोचले, आणि त्यावर सुरुवातीला जे छापले गेले त्यात विद्यार्थ्यांच्या वादसभेत मांडावयाची प्रमेये होती. म्हणजे आपल्या देशातील छपाईचा आरंभ सेमिनरीच्या अभ्यासातून झाला. स्टीफन्स तेथे लॅटिन बायबल वाचीत, ईशज्ञानातील वाद शिकत, आणि कॉलेजच्या दाराबाहेर एकही शब्द न समजणाऱ्या माणसांचा बाजार भरलेला पाहत.

१५८० साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. गोव्यात पाऊल टाकल्यापासून फार तर वर्षाहून थोडा अधिक काळ गेला असेल. आजच्या सेमिनरीच्या मानाने हे ईशज्ञानाचे शिक्षण फारच अल्प म्हणावे लागेल. गावांत माणसांची गरज होती, धर्मगुरू थोडे होते आणि नव्या पाद्रीला साष्टीत पाठविण्यात आले.

ती साष्टी तेव्हा कशी होती हे सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही, आणि ते आम्ही झाकून सांगू इच्छित नाही. १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील दोनशेहून अधिक देवळे पाडली होती. जुन्या धर्मग्रंथांच्या वाचनावर बंदी आली होती. बाप्तिस्मा घेतलेल्यांत श्रद्धेने आलेले होते, तसे भीतीने आणि जमिनीच्या आशेने आलेलेही होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळी गावात फादर रुडाल्फ आक्वाविवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती, त्यांच्याबरोबर काही स्थानिक ख्रिस्ती माणसेही, संतप्त गावकऱ्यांच्या हातून मारली गेली. ह्या पाच जणांना १८९३ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यांची पार्थिवे मिळविण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. पुढे असोळण्याच्या किल्ल्यात कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलावून घेऊन सरकारने त्यांना ठार मारले, हेही त्याच इतिहासाचे पान आहे. तिशी ओलांडलेल्या ह्या धर्मगुरूने आपल्याच माणसांची प्रेते पाहिली, आणि ज्या राज्याच्या आश्रयाने आपण काम करतो त्याचा सूडही पाहिला. ते साष्टीतच राहिले. त्यानंतर त्यांच्या हातून जे काम झाले ते भाषेचे आणि समजावण्याचे.

त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, पॅरिस येथे असलेले आपले बंधू रिचर्ड ह्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कुंकळ्ळीची हकिकत कळविली, नारळाच्या झाडाचे उपयोग सांगितले आणि जाता जाता एक निरीक्षण नोंदविले. येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती आहे असे त्यांना दिसले होते. भाषाकुळांचा हा विचार विल्यम जोन्स ह्यांनी कलकत्त्यात जाहीरपणे मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. स्टीफन्स ह्यांना त्यातून शास्त्र उभारावयाचे नव्हते. विंचेस्टर आणि रोममध्ये घोकलेले व्याकरण त्यांच्या डोक्यात पक्के होते म्हणूनच साष्टीच्या शेतकऱ्याच्या तोंडची विभक्ती त्यांना ओळखू आली. सेमिनरीतील लॅटिनचे तास पुढे कशाला उपयोगी पडतील हे शिकताना कोणाला कळते?

त्याच वर्षाअखेरीस राल्फ फिच व त्याचे सोबती असे चार इंग्रज होर्मूझ येथे पकडून गोव्याच्या तुरुंगात आणले गेले. हेरगिरीचा संशय होता. स्टीफन्स ह्यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडविण्यास मदत केली. ज्या देशातून श्रद्धेसाठी परागंदा व्हावे लागले, त्या देशाच्या माणसांना परमुलखात आधार देताना त्यांनी मागचा हिशेब काढला नाही.

साष्टीत दोन भाषांशी त्यांची गाठ पडली. घरात, शेतात, पापनिवेदनात लोक कोंकणी बोलत. कथा-पुराणाची आणि ओवीची भाषा मात्र मराठी होती. हे आपल्याला परके वाटू नये. आमच्या भाईंदर, डोंगरी, उत्तनच्या घरांत आजही आजी आपल्या बोलीत रागावते आणि जपमाळ मात्र प्रमाण मराठीत म्हणते. वसईत सामवेदी, वाडवळी, कोळी बोली बोलणारा मनुष्य चर्चमध्ये वाचन करण्यास उभा राहिला की त्याची भाषा बदलते. फादर स्टीफन्स ह्यांनी ह्या दोन्ही पातळ्या ओळखल्या. धर्मशिक्षणाचे पुस्तक त्यांनी कोंकणीत लिहिले आणि पुराण मराठीत. पुराणाच्या मराठीतही त्यांनी कोंकणी शब्द सोपेपणासाठी मिसळले, कारण जुन्या कवींची अवघड मराठी सामान्य श्रोत्यांना उमगत नव्हती.

पुराण लिहिण्याचे कारण त्यांनी ग्रंथातच कथेच्या रूपाने सांगितले आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीला विचारतो की तुम्ही शिकवता ते चांगलेच आहे, परंतु आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत. त्यांच्या जागी वेळ घालविण्यास आणि मन रमविण्यास दुसरे पुराण का देत नाही? ह्या प्रश्नात किती व्यथा आहे पाहा. ज्याच्या घरातून संध्याकाळची कथा गेली, ज्याच्या चावडीवरचा आवाज गेला, तो मनुष्य रिकामी झालेली जागा दाखवितो आहे. एखाद्या पाद्रीने त्याला दटावले असते. स्टीफन्स ह्यांनी त्या प्रश्नालाच आपल्या ग्रंथाचे प्रवेशद्वार केले. आम्हाला वाटते की सेंट पॉल कॉलेजात जे ईशज्ञान वर्षभरात आटोपले होते, त्याचा खरा दीर्घ अभ्यास ह्या प्रश्नापासून सुरू झाला आणि परीक्षक होते साष्टीचे श्रोते.

१६१६ साली राशोल येथील येशूसंघाच्या कॉलेजात ग्रंथ छापून झाला. त्या वर्षी त्यांचे देशबांधव नाटककार शेक्सपिअर वारले. पैठणचे संत एकनाथ ह्यांना समाधिस्थ होऊन सतरा वर्षे झाली होती. म्हणजे एकनाथ महाराज ज्या काळात ओव्या रचीत होते, त्याच काळात साष्टीतील हा इंग्रज तीच ओवी शिकत होता. पहिल्या आवृत्तीचे शीर्षक पोर्तुगीज होते आणि आपल्या तारणाऱ्याच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन असा त्याचा अर्थ होता. ख्रिस्तपुराण हे नाव नंतर रूढ झाले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात छत्तीस अवस्वर व ४,१८१ ओव्या, दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वर व ६,७८१ ओव्या, एकूण १०,९६२. अवस्वर म्हणजे अध्याय. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुना करार येतो, दुसऱ्यात पवित्र मरिया, येशूचा जन्म, कार्य, दुःखसहन, पुनरुत्थान. प्रारंभी मराठी पुराणकारांच्या रिवाजाप्रमाणे वंदन आहे, मात्र ते त्रैक्याला आहे. श्रोते मध्येच शंका विचारतात आणि पाद्री उत्तर देतो. वादसभेत प्रमेय मांडून आक्षेप खोडण्याची जी पद्धत ते कॉलेजात शिकले होते, ती आणि वक्ता-श्रोता संवादाची आपल्या पुराणांची पद्धत येथे एकमेकींत इतकी मिसळली आहे की सांधा दिसत नाही.

शब्दांची निवड करताना त्यांनी दाखविलेले धैर्य लक्षात घेतले पाहिजे. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द बिनदिक्कत वापरला. दुसरीकडे पवित्र आत्म्याचे नाव, संस्कारांची नावे अशा ठिकाणी मात्र पोर्तुगीज-लॅटिन शब्द तसेच ठेवले, कारण तेथे अर्थाचा घोटाळा होऊन चालणार नव्हता. कोठे लोकांचा शब्द घ्यावा आणि कोठे ख्रिस्तसभेचा राखावा, हे ठरविण्यास नुसते भाषाज्ञान पुरत नाही. त्यासाठी ईशज्ञान लागते. आणि नुसते ईशज्ञान असून भागत नाही, त्यासाठी श्रोत्याचे घर ठाऊक असावे लागते. आजही व्यासपीठावरून कधी कधी असे मराठी प्रवचन कानी पडते की त्याचा प्रत्येक शब्द मराठी असून वाक्य मात्र दुसऱ्या भाषेत विचार केलेले असते. सेमिनरीचे शिक्षण बहुतांशी इंग्रजीत होते, म्हणून तरुण धर्मगुरूंना दोष देणे सोपे आहे. फादर स्टीफन्स ह्यांचे शिक्षणही परक्या भाषेतच झाले होते, हे मात्र आपण आणि त्यांनी, दोघांनीही ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. त्या काळात लोकभाषेतील बायबल सामान्यांच्या हाती देण्याबाबत ख्रिस्तसभा फार सावध होती. वाचनासाठी परवानगी लागे. इंग्लंडमधून परागंदा झालेल्या कॅथलिक पंडितांनी फ्रान्समध्ये राहून नवा करार १५८२ मध्ये आणि जुना करार १६०९-१० मध्ये इंग्रजीत छापला. पोर्तुगीज भाषेत संपूर्ण नवा करार प्रथम छापला गेला तो १६८१ मध्ये. ख्रिस्तपुराण हे भाषांतर नव्हे, ते पुनःकथन आहे. तरीही साष्टीच्या निरक्षर शेतकरणीने उत्पत्तीपासून पुनरुत्थानापर्यंतची कथा आपल्या भाषेत, ओवीच्या चालीवर, चर्चमध्ये ऐकली, तेव्हा तिच्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगीज गृहस्थाच्या घरी त्याच्या भाषेतला छापील नवा करार नव्हता. ह्या एका गोष्टीसाठी आम्ही फादर स्टीफन्स ह्यांना कवीपेक्षाही मोठे मानतो.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. हे पुस्तक देशी लिपीत छापावे असे त्यांना वाटे. १६०८ मध्ये येशूसंघाचे प्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा, म्हणजे कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या फादर रुडाल्फ ह्यांचे चुलते, ह्यांना पत्र लिहून त्यांनी ही विनंती केली. मलबारात तेथील लिपीतील ख्रिस्ती पुस्तके होती व त्यांचा लोकांना लाभ होत होता. अडचण होती ती खिळ्यांची. युरोपात दोन डझन अक्षरांत काम भागे. येथील जोडाक्षरांसह सुमारे सहाशे साचे पाडावे लागले असते. ते जमले नाही. मराठीतला हा महाग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला. आपल्या लिपीत जन्मलेल्या माणसाला तो वाचता येईना आणि रोमन लिपी शिकलेल्यालाच तो उघडता येई. ऐकणाऱ्यांची संख्या मात्र त्यामुळे घटली नाही, कारण तो रविवारी व सणांच्या दिवशी चर्चमध्ये वाचला जात असे.

छपाईच्या चार-पाच वर्षे आधी, १६११-१२ च्या सुमारास, फादर स्टीफन्स वसईत होते. वसईच्या किल्ल्यातील येशूसंघाचे कॉलेज तेव्हा भरभराटीत होते. खाडीपलीकडचेच गोन्सालो गार्सिया ह्यांना लहानपणी येशूसंघीयांकडूनच शिक्षण मिळाले होते आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमध्ये क्रुसावर त्यांनी प्राण दिला होता. संत म्हणून त्यांची घोषणा १८६२ ची; स्टीफन्स वसईत होते तेव्हा त्यांचा हौतात्म्याचा प्रसंग अवघा चौदा-पंधरा वर्षांपूर्वीचा होता आणि त्यांना ओळखणारी माणसे गावात असणारच. ग्रंथ त्या वेळी त्यांच्या हातात बराचसा तयार असावा. उत्तर कोंकणातील मराठी त्यांच्या कानांवर पडली ती अशा ऐन वेळी.

कोंकणी धर्मशिक्षणाचे पुस्तक, प्रश्नोत्तरांच्या रूपातील, १६२२ मध्ये म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी छापले गेले. नव्याने येणाऱ्या पाद्रींना भाषा शिकता यावी म्हणून लिहिलेले कोंकणीचे व्याकरण फादर दियोगु रिबैरो ह्यांनी भर घालून १६४० मध्ये राशोलहून प्रसिद्ध केले. भारतीय भाषेचे हे पहिले छापील व्याकरण. स्वतः ज्या अडचणीतून गेलो ती पुढच्याला पडू नये, अशी त्यामागची साधी दृष्टी दिसते. त्यांच्यानंतर फादर एतिएन द ला क्रुवा ह्यांनी संत पेत्रावर पुराण रचले ते १६२९ चे. म्हणजे वाट एका माणसापुरती राहिली नाही.

१६१९ साली, सुमारे सत्तर वर्षांचे असताना, गोव्यात फादर स्टीफन्स ह्यांचे निधन झाले. साष्टीतील लोक त्यांना पाद्री एस्तेव्हाव म्हणत. इंग्लंड त्यांनी पुन्हा पाहिले नाही.

ख्रिस्तपुराणाच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की तीन वर्षांच्या आत स्थानिक भाषा टाकून सर्वांनी पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत पाद्री एस्तेव्हाव ह्यांनी आयुष्य वेचले तिच्यावरच हा घाव होता. १७५९ मध्ये येशूसंघीयांना पोर्तुगीज मुलखातून घालवून दिले गेले व राशोलचे कॉलेज धर्मप्रांतीय सेमिनरी म्हणून पुढे चालू राहिले. तेथे आजही तरुण धर्मगुरुपदाचा अभ्यास करतात. तिन्ही जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ वाचला तो हातांनी केलेल्या नकलांमुळे. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीत. शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती पुण्यात १९५६ मध्ये निघाली.

तत्पूर्वी १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट ह्या अभ्यासकाला लंडनमध्ये विल्यम मार्सडेन ह्यांच्या संग्रहात ख्रिस्तपुराणाचे एक हस्तलिखित आढळले होते. ते देवनागरीत आहे. कोणी, कोणत्या गावात बसून दहा हजारांवर ओव्या आपल्या लिपीत उतरविल्या त्याचे नाव उरलेले नाही. सहाशे साच्यांची वाट न पाहता त्याने बोरू उचलला एवढे दिसते. ह्याच हस्तलिखिताच्या आधारे सालेशियन धर्मगुरू नेल्सन फलकाव ह्यांनी अर्वाचीन मराठी अनुवादासह संपूर्ण ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध केला. चाळिसाच्या काळात दुःखसहनाचे अवस्वर मोठ्याने वाचावयाचे असतील तर आता रोमन अक्षरे जुळवीत बसण्याची गरज नाही.